परक्या वऱ्हाडातल्या ताराक्का

लग्नसराईत ताराक्का दर आठवड्याला माझ्याकडे कुंकू लावायला यायच्या. शेजारणीनं कुंकू लावून घेण्यात नवल ते काय! पण ताराक्कांचे यजमान जाऊन कैक वर्षं झाली होती. भिंगारच्या आमच्या चाळीत हे सगळ्यांना ठाऊक होतं. तरी त्या माझ्या आरशासमोर उभ्या राहून चांगलं ठसठशीत कुंकू रेखत आणि स्वतःकडे बघून तोंड वाकडं करत. "झालं सोंग. निघती आता," म्हणत. सासूबाई देवापाशी बसून पुटपुटत, "पाप लागेल गं तुला." लागू दे म्हणायचं माझं वय होतं.

हे सोंग लेकासाठी होतं. दुष्काळात विहिरीच्या कामावर त्यांचा एकुलता वसंता दगडाखाली सापडला आणि कमरेखालचं अंग गेलं. नगरच्या डॉक्टरांनी हात टेकले, तेव्हापासून तो पुण्याच्या एका मोठ्या दवाखान्यात पडून होता, भिंतीकडे तोंड करून. दुसऱ्या कोणी घास पुढे केला की ओठ मिटायचा. आईनं भरवलं तर खायचा. धुणीभांडी करणाऱ्या बाईला पुण्याचं एसटीचं भाडं महिन्यातून एकदा कसंबसं परवडे. बाकीच्या खेपांना त्या कधी कांद्याच्या ट्रकमध्ये बसत आणि लग्नसराईत वऱ्हाडाच्या.

कोणतं वऱ्हाड कधी पुण्याकडे निघणार, हे बँडवाल्या इस्माईलभाईंइतकं भिंगारात कोणाला माहीत नसे. त्यांच्याकडून तारीख घ्यायची, दोन दिवस आधी लग्नघरी जाऊन उभं राहायचं, गहू निवडायचे, हळद कुटायची आणि वऱ्हाड निघालं की बायकांत मिसळून ट्रकमध्ये चढायचं. "फुकाट न्हाई बसत मी," त्या ठणकावून सांगायच्या. "हात मोडस्तवर राबती, मग बसती. आन गाडी कुनाची बी असंना, वाट माझ्या लेकाची हाय." घरातली विधवा आत्या किंवा मावशी ट्रकच्या कोपऱ्यात चालते. परकी विधवा शुभकार्याच्या गाडीत कोण घेणार? म्हणून कुंकू.

एकदा मी विचारलं, "ताराक्का, पुण्यालाच का राहत नाही? तिथेही धुणीभांडी मिळतील की."

त्या माझ्यावर उखडल्याच. "आन ही खोली सोडू? म्हंजे माझा वसंता परत यायचा न्हाई, आसंच ना? बरा हून आला तर कुठं जाईल त्यो?" पुन्हा मी तो विषय काढला नाही.

शेजारच्या आळीत नव्यानंच राहायला आलेल्या घरातल्या मुलीचं लग्न पुण्यात ठरलं, तेव्हा त्या ट्रकमध्ये मीही होते. ताराक्का पोत्यावर बसून गाणी म्हणत होत्या आणि नवरीला मांडीवर झोपवत होत्या. पोरीला त्यांचा इतका लळा लागला की पुण्यात उतरल्यावर ती त्यांचा पदर सोडेना. तिथेच घोटाळा झाला. नवऱ्याची उष्टी हळद आली. ती नवरीला लावायला पाच सवाष्णी हव्या होत्या, आणि दुष्काळामुळे पाहुणे इतके थोडे की मला धरून मोजून चारच भरल्या. नवरीच्या चुलतीनं पुऱ्या लाटणाऱ्या ताराक्कांचा हात धरला. "चला ताराक्का, पाचव्या तुमी."

ताराक्का जागच्या हलल्या नाहीत. मी डोळ्यांनी खुणावत होते, लावा हो, कोणाला कळतंय! माझा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता. त्यांचा होता. वाटीतल्या हळदीकडे, मग समोर पाटावर बसलेल्या त्या सोळा-सतरा वर्षांच्या पोरीकडे त्यांनी पाहिलं, आणि पदरानं खसकन कपाळ पुसलं.

"ह्या हातानं न्हाई. पोरीच्या जल्माचा सवाल हाय. माझा धनी लई वर्सांमागं गेला."

मग चुलतीनं तोंड सोडलं. अवदसा, भामटी, काय काय म्हणाली. ताराक्कांनी सगळं खाली मान घालून ऐकलं, पिठाचे हात धुतले आणि चालू लागल्या. नवरी रडत होती, आणि मला त्या बाईचा इतका अभिमान वाटला की सांगता येत नाही.

अक्षता पडल्यावर मी दवाखाना शोधत गेले. ताराक्का खाटेवर बसून लेकाला भात भरवत होत्या. कपाळावर पुसलेल्या कुंकवाचा लाल फराटा तसाच होता. वसंतानं हात वर केला, चादरीचं टोक पेल्यातल्या पाण्यात बुडवलं आणि आईचं कपाळ स्वच्छ पुसलं. विचारलं काहीच नाही. किती दिवसांपासून त्याला हे ठाऊक होतं कोण जाणे.

बोभाटा व्हायचा तो झालाच. इस्माईलभाई तारखा सांगत, पण एकाही वऱ्हाडात ताराक्कांना थारा मिळेना. पाण्यावाचून कांदा नव्हता, त्यामुळे त्याचे ट्रकही बंद. महिन्यातली एसटीची एक खेप तेवढी उरली. अशात दवाखान्यातल्या आयाबाईनं कोणाकरवी तरी निरोप धाडला, की वसंतानं जेवण टाकलंय.

दुसऱ्या दिवशी ताराक्कांनी खोली रिकामी केली. एक ट्रंक आणि एक वळकटी निघाली. मी त्यांना एसटीत बसवायला गेले. ताराक्का खिडकीतून म्हणाल्या,

"येडी मी. कमी पैशात कसं जावं म्हून सारा मुलूख पालथा घातला. परत आलंच न्हाई तर भाडं निम्म्यावर येतं, हे ध्यानातच घेतलं न्हाई बघ."

हसल्या, आणि हसता हसता पदर तोंडात कोंबून हुंदका आवरू लागल्या. कंडक्टरनं घंटी मारली.