तळाचा घड

"वरचे घड पाहुण्यांसाठी असतात. तळाचा दाखवा."

बाई असं म्हणाल्या की द्राक्षं घेऊन आलेल्या माणसाचा चेहरा उतरायचा. वरचे घड देठाला धरून त्या अलगद बाजूला ठेवायच्या, क्रेटच्या तळाचा एक उचलून उजेडात धरायच्या आणि चष्म्यावरून त्याच्याकडे नुसतं बघायच्या. शेवटी तोच म्हणायचा, "ऱ्हायला आसंल एखादा खराब, बाई." दिंडोरीकडच्या त्या पॅकहाउसात मी पंधरा हंगाम त्यांच्या शेजारी उभं राहून द्राक्षं निवडली. आता त्या नांदगावला लेकीकडे असतात, आणि इकडे माझा हात भाजीवाल्याच्या टोपलीत आपोआप तळाशी जातो.

काम सुटलं तरी त्यांची ही खोड सुटली नाही. आमच्या मंदाच्या भाचीला स्थळ आलं तेव्हा म्हणाल्या, "मुलगा राहू दे. त्याचे मित्र दाखवा." आणि काय सांगू, ते लग्न तिथंच मोडलं. बरंच झालं म्हणायचं!

बेटावर जायचं खूळ मंदाचं. ती, मी आणि बाई, तिघी एकाच टेबलावरच्या. आयुष्यभर द्राक्षं बोटीनं परदेशी पाठवली, आपण मात्र कधी बोटीत पाय ठेवला नाही, असं तिचं म्हणणं. कमी पैशात अंदमान कसं जमेल ते बघायचं काम आपसूक बाईंकडे गेलं. तपासायचं म्हटल्यावर दुसरं कोण?

द्वारका चौकाजवळच्या एका ट्रॅव्हल एजंटाकडे गेलो. त्यानं गुळगुळीत पुस्तक उघडलं. पांढरी वाळू, निळं पाणी, दोन खुर्च्या.

"यात माणूस कुठंय?" बाईंनी विचारलं.

"प्रायव्हेट बीच आहे मावशी. एकदम शांतता!"

"शांतता आमच्या गल्लीत दुपारी फुकट मिळते. गाव असलेलं बेट दाखवा. जिथं माणूस राहत नाही तिथं चहा महाग असतो."

शेवटी त्यांनीच शोधलं. चेन्नईपर्यंत रेल्वे, पुढं विमान, मग सरकारी बोट. एका लहानशा बेटावर एक बंगाली बाई आपल्या घराच्या खोल्या भाड्यानं देत होती, चूलही वापरू देणार होती. व्हिडिओ कॉलवर ती हौसेनं समुद्र दाखवायला लागली, तर आमच्या बाई म्हणतात, "समुंदर रहने दो. पीछे का दिखाओ." तिनं हसत फोन फिरवला. कोंबड्या, दोरीवर शाळेचे गणवेश, केळी, घासायला काढलेली भांडी. बाईंनी मान डोलवली.

पण त्यांचे प्रश्न काही संपेनात. रोज एक फोन. बेट चालत किती वेळात संपतं? रस्त्याला गाड्या किती? गावातले सगळे एकमेकांना ओळखतात का? अनोळखी माणूस दिसला तर विचारपूस करतात का?

"जमीन घेत्यात का काय तिथं?" मंदा माझ्या कानात म्हणाली.

आणि एवढं करून तिकिटासाठी बाई स्वतःचं आधार कार्ड देईनात. आज देते, उद्या देते. मंदा चिडली. "यांना जायचंच नाय. आपल्याला लय दिवस झुलवत्यात." खरं सांगते, माझ्याही मनात पाल चुकचुकली. पंधरा हंगाम एकत्र काढले, पण बाईंनी आम्हांला कधी उंबऱ्याच्या आत घेतलं नव्हतं. यजमान आराम करतात, एवढंच सांगायच्या.

एकदा दुपारी मीच गंगापूर रोडवरच्या त्यांच्या घरी गेले. दाराला बाहेरून कुलूप. परत फिरणार, तर आतून कोणीतरी खोकलं. नंतर कडी वाजली. आत माणूस आणि बाहेर कुलूप? काय काय येऊन गेलं मनात, तुम्हांला सांगायची लाज वाटते.

तेवढ्यात बाई दळण घेऊन आल्या. मला बघून जागच्या जागी थांबल्या. मी म्हटलं, "बाई, वरचं खूप बघितलं. आज तळाचा दाखवा."

बाईंनी दळण खाली ठेवलं. मग त्यांनी कुलूप काढलं. दाराशीच यजमान उभे होते, पायांत चपला, हातात पिशवी. "अहो, मला घरी जायचंय," ते बायकोलाच म्हणाले.

"घरच विसरलेत," बाई म्हणाल्या. "दोनदा निघून गेले. एकदा तर द्वारकेच्या चौकात मधोमध सापडले, चहूबाजूंनी ट्रक. तेव्हापासून कुलूप लावते. वर्षं झाली गं सुमन, हा माणूस एकटा चार पावलं चाललेला नाही. म्हटलं, असं एखादं गाव असेल, जिथून वाट लांब जात नाही. आणि जिथली माणसं हरवलेल्याला हाताला धरून परत आणतात. पण यांच्याशिवाय तिकीट कसं काढू, आणि यांना न्यायचं ओझं तुमच्यावर कसं टाकू?"

मंदाला सांगितलं तर तिनं डोळे पुसले आणि म्हणाली, "आगं मग चार तिकिटं काढ की! बसलीस काय?"

गेलो. तिसऱ्या दिवशी सकाळी उठलो तर दार सताड उघडं, यजमान नाहीत. मंदा ओरडत पाण्याकडे पळाली. मी बाईंना हलवलं, "अहो, उठा ना!" त्या पायरीवर बसून होत्या. "मीच उघडलं दार," म्हणाल्या. "मालकीणबाईंनी गावात सगळ्यांना सांगून ठेवलंय." आवाज शांत होता, पण हातातल्या चहावर साय धरली होती.

पाऊण तासानं वळणावर ते दिसले. एका कोळणीनं त्यांचा हात धरला होता आणि ते तिला मराठीत काहीतरी समजावत होते. पायजमा गुडघ्यापर्यंत ओला.

आता बाई विचारणार, कुठं सापडले, किती वेळ होते, पाण्यात का जाऊ दिलंस. मी वाटच बघत होते.

बाईंनी काही विचारलं नाही. नवऱ्याचे पाय पदरानं पुसले. कोळणीनं टोपली पुढं केली, तर बाईंनी चाचपून न बघता वरचाच मासा उचलला.