हालवलं का वं, कुंदा?

पिंप्राळ्यात आमच्या गल्लीत कुणाला कापलं-खरचटलं की माणसं माझ्या दारात यायची. मी काय डॉक्टरीण? बाई, मी ब्लाऊज शिवते! पण शेजारच्या द्रौपदाअक्कांच्या औषधाची बरणी माझ्या फडताळात असायची.

अक्का पारोळ्याकडच्या. तरुणपणी केळीच्या बागेत कापणीला जायच्या. कोयता लागला की बांधावरचा दगडीपाला चोळून लावायचा, हे त्या तिथेच शिकल्या. त्याच पाल्याचा त्या अर्क करतात. पाला धुऊन सावलीत सुकवतात, काचेच्या बरणीत भरतात आणि वर मोहाची दारू ओततात. महिनाभर ती बरणी रोज हलवायची, मग फडक्यातून गाळून बाटलीत भरायचं.

अडचण त्या दारूचीच. अक्कांचे मालक मोतीलालभाऊ पिऊन पिऊन गेले. त्या दिवशी अक्कांनी बुद्धाच्या फोटोपुढे पंचशील म्हटलं आणि सांगून टाकलं, "मन्हा घरमा दारूना थेंब येवाव नही." औषधातलीसुद्धा नाही. म्हणून बरणी माझ्याकडे, अक्का औषध लावायच्या तेही माझ्या ओट्यावर आणि रोज सकाळी भिंतीपलीकडून हाक, "हालवलं का वं, कुंदा?"

मी वैतागायची. "हो अक्का, हलवलं! आमच्या ह्यांनी वासही घेऊन झाला!"

गेल्या उन्हाळ्यात अक्कांच्या कुलरला नवीन गवत लावायला गेले. लग्नसराई होती, कपाटात ब्लाऊजांचा ढीग पडलेला, तरी म्हटलं, म्हातारी उकाड्यात मरेल. कुलरचा गंजलेला पत्रा सटकला आणि माझ्या उजव्या अंगठ्यात घुसला. घरात आम्ही दोघीच. रक्त बघितलं की माझं अंग गार पडतं. वर डोक्यात एकच, अंगठा गेला तर कात्री कशी धरू? आमच्या ह्यांचं काम कधी असतं, कधी नसतं. घर चालतं ते ह्या अंगठ्यावर.

अक्कांनी हात नळाखाली धरला, स्वच्छ फडकं घट्ट दाबलं. "दाब. सोडू नको." औषधासाठी माझ्या ओट्यावर जायला मी उठले आणि डोळ्यांपुढे अंधारी आली. तिथेच फरशीवर आडवी झाले.

अक्का माझ्या घरी गेल्या, बाटली घेऊन आल्या आणि स्वतःच्या उंबऱ्याशी थांबल्या. मला पडल्या पडल्या दिसत होतं. एवढ्या वर्षांचा नेम त्यांचा! मी म्हटलं, "अक्का, राहू द्या. मी सरकत येते बाहेर."

"चूप पड," म्हणाल्या आणि आत आल्या.

बूच काढलं तसा मोहाचा वास घरभर झाला. अक्कांचा चेहरा क्षणभर पार बदलला. मोतीलालभाऊ आठवले असणार, दुसरं काय? पण कापूस धरलेला हात हलला नाही. जखमेच्या कडेकडेनं त्यांनी औषध लावलं. असं झोंबलं की, "मेले वं माय!" करून मी बोंबलले. त्या फुंकर घालत राहिल्या, मग पट्टी बांधून मला रिक्षात घातलं. औषध वाटेपुरतं, टाके डॉक्टरचेच, हे त्यांचं नेहमीचं.

टाके पडले, इंजेक्शन झालं. डॉक्टर म्हणाले, अंगठ्याला काही होणार नाही. तेव्हा कुठे मला रडू फुटलं. "अक्का, माझ्यामुळे तुमच्या घरात दारू आली हो."

"दारू कोठे? औषध शे ते," अक्का म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी येऊन त्यांनी फडताळातली नवी बरणीही उचलली. "तू काय हालवशी आता? हात सांभाळ." आणि नेली की सरळ आपल्या घरात!

अंगठा बरा झाला. पहिला ब्लाऊज मी अक्कांचाच शिवला. त्यांनी शिलाई विचारली तेव्हा मी म्हटलं, "हे उपकार मी कुठे फेडू? निदान एवढं तरी घाला." बरणी मात्र त्यांनी परत दिली नाही. मीही मागितली नाही.

आता कापलं-खरचटलं की माणसं त्यांच्या दारात जातात. आणि रोज सकाळी कात्री हातात घेण्याआधी मी भिंतीशी जाऊन ओरडते, "हालवलं का हो, अक्का?"