ओळंब्यानं फिरवलेली दारं

त्याचं खरं नाव मतदारयादीपुरतं. गावात सगळे त्याला ओळंबा म्हणायचे. चौकट सरळ उभी आहे की नाही हे बघायला सुतार दोरीला लोखंडी गोळा बांधून सोडतात, तो ओळंबा. हा बाबा तो कायम खिशात घेऊन फिरायचा आणि चौकटींइतकाच माणसांनाही लावायचा. कुणी सहज विचारलं, "काय, बरं चाललंय ना?" की हा डोळे बारीक करायचा. "का? तुझ्या कानावर काय आलं?" डॉक्टरनं सांगितलं, तब्येत ठणठणीत आहे, तर हा दुसऱ्या डॉक्टरकडे गेला, पहिला काय लपवतोय ते विचारायला. त्याची बायको सांगायची, "माझ्या वडिलांनी लग्नाला हो म्हटलं, तर यांनी तिथंच विचारलं, इतक्या पटकन हो कसं म्हणालात? पोरीत काही खोट आहे का?"

पण हाच संशय त्याच्या हाताला मात्र लाभला होता. लाकूड वाळलंय असं विकणारा शपथेवर सांगो, हा फळीला कान लावून बोटांनी ठोकून बघणार, चार महिने सावलीत उभी करून ठेवणार आणि मगच रंधा लावणार. त्यामुळे त्यानं केलेलं दार ओल्या हवेत फुगायचं नाही आणि कोरड्या हवेत करकरायचं नाही. लोक त्याच्यावर हसायचे आणि दार करायचं झालं की त्याच्याकडेच यायचे.

त्याच्या घराची गोष्ट मात्र हसण्यासारखी नव्हती. वडिलांनी बांधलेलं घर लांबलचक, गल्लीपासून थेट मागच्या रस्त्यापर्यंत गेलेलं. वडील गेल्यावर गल्लीकडचा अर्धा भाग याच्याकडे आला, त्यातल्या एका आरपार लांब खोलीत त्याचं काम चालायचं. रस्त्याकडचा अर्धा भाग थोरल्या भावाकडे, म्हणजे दादाकडे. दादा मालट्रक चालवायचा. दोन्ही घरांमध्ये तेव्हा आडकाठी नव्हती. मग कधीतरी वडिलांनी जपून ठेवलेल्या जुन्या फळ्या कमी व्हायला लागल्यात असं ओळंब्याला वाटायला लागलं. तो दादाला तोंडावर काही बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं. एका सकाळी त्यानं मधोमध फळ्यांची भिंत उभारायला घेतली. ठोकाठोक ऐकून दादा आला, बघत उभा राहिला आणि म्हणाला, "किती जाडीच्या लावतोयस?"

"दीड इंची."

"लाव," दादा म्हणाला आणि निघून गेला.

त्यानंतर दोघांनी एकमेकांचा उंबरा ओलांडला नाही. रस्त्यात भेटले की पावसापाण्याचं बोलायचे, बसथांब्यावर शेजारी उभी राहिलेली अनोळखी माणसं बोलतात तसं. दोघी जावा मात्र नळावर तासन्‌तास गप्पा मारायच्या. त्यांनी ही भिंत कधी मनावर घेतलीच नाही.

अशात सीमा बदलण्याची नोटीस लागली. ती सगळ्यात आधी ओळंब्यानं वाचली, कारण भिंतीवरची प्रत्येक नोटीस तो वाचायचाच, जुन्या फाटक्यासुद्धा. 'नागरिकांच्या सोयीसाठी' ही सुरुवात वाचूनच तो सावध झाला. आपली सोय कुणी न मागता करतंय म्हणजे नक्की कुठंतरी पाणी मुरतंय.

संध्याकाळी शाळेच्या पटांगणात सगळे जमले. निवृत्त मास्तरांनी नोटीस समजावून सांगितली. आतापर्यंत गाव तालुक्याच्या मंडळावर आपला एक सभासद निवडून पाठवायचं. त्यासाठी ठरावीक मतदार लागायचे, आणि गावात ते जेमतेम होते. आता नव्या सीमेप्रमाणे ज्या घरांचं मुख्य दार मागच्या रस्त्यावर उघडतं ती सगळी घरं शेजारच्या शहराच्या प्रभागात जाणार. ती गेली की संख्या भरत नाही, आणि मग उरलेलं गावही शहराला जोडलं जाणार.

"म्हणजे उद्या आपला नळ फुटला," मास्तर म्हणाले, "तर शहरातल्या कुणाच्या तरी जिन्यात जाऊन उभं राहायचं, आणि तो आपल्याला विचारणार, तुम्ही कुठले?"

गावानं अर्ज केला, सह्या गोळा केल्या, मोर्चा नेला. उत्तर एका ओळीचं आलं: नियम दाराचा आहे, तो सगळ्यांना सारखाच. मग लोक एकमेकांकडे बघायला लागले. ही रेघ साहेबांना सुचवली कुणी? किराणावाल्याला वाटलं, चक्कीवाल्यानं. चक्कीवाल्याला वाटलं, किराणावाल्यानं. सगळं गाव ओळंब्यासारखं झालं आणि त्यामुळे खुद्द ओळंबा जरा बेचैन झाला, आपला धंदा दुसऱ्यानं सुरू केल्यासारखा.

तोच पुढच्या सभेत उठून म्हणाला, "नियम दाराचा आहे ना? मग दारं फिरवू की."

मागच्या रस्त्यावरच्या घरांची पाठ गल्लीला लागून होती. तिकडं स्वयंपाकघरं होती. तिथं दार पाडायचं, रस्त्याकडचं दार काढून खिडकी करायची. घर गावात राहतं. सगळे एकदम हो म्हणाले. त्यासरशी ओळंब्याला आपल्याच कल्पनेचा संशय आला. इतकी माणसं एका दमात हो म्हणतायत, म्हणजे यात काहीतरी गोम असणार.

पण काम सुरू झालं. गवंडी भिंत फोडायचा, ओळंबा चौकट बसवायचा. घराघरांतून पाहुणे थेट चुलीपाशी यायला लागले आणि बायका वैतागल्या. "आता बसायला पाट ओट्यावर मांडू का?" एकीनं विचारलं. रस्त्याकडची जुनी वाट बुजवली की ओळंबा फळ्या दोन्ही हातांनी ओढून बघायचा. कुणी मागून गुपचूप उघडी ठेवील, साहेब आले की तिकडून बाहेर पडेल आणि शहरात जाईल, याची त्याला धास्ती. लोकांनीही त्याची सवय गोड मानून घेतली. गरजच तशी होती.

एकेका घरानं त्याला बोलावलं. दादानं बोलावलं नाही.

"मला माहीतच होतं," तो जेवताना बायकोला म्हणाला. "दादाची पोरं शहरातल्या कारखान्यात कामाला. त्याचा ट्रक शहरातला. सीमेचे मोजणीवाले आले तेव्हा चहा प्यायले कुणाकडे? दादाकडे. त्याला गाव नकोच आहे."

बायको भाकरी थापायची थांबली. "मोजणीवाल्यांनी पाणी मागितलं, वहिनींनी चहा दिला. तुमच्याकडे मागितला असता तर तुम्ही त्यांच्याकडे ओळखपत्र मागितलं असतं." मग ती म्हणाली, "आणि भाऊजींनी दार फिरवायचं कुठं? सगळ्यांच्या घराची पाठ गल्लीला. त्यांच्या घराची पाठ तुमच्या फळ्यांना."

घास त्याच्या हातातच राहिला. सगळ्या गावाची मापं घेणाऱ्याला हे कसं दिसलं नव्हतं कोण जाणे. गल्ली आणि दादा यांच्या मध्ये दुसरं तिसरं काही नव्हतं. मध्ये तो स्वतः होता.

दुसऱ्या दिवशी मास्तर बेरीज करून आले. दादाचं घर मोठं, मुलं, सुना, सगळे मतदार. तेवढं एक घर शहरात गेलं तरी गाव तुटत होतं.

ओळंबा लांबचा वळसा घालून मागच्या रस्त्यानं दादाच्या दाराशी गेला. आत गेला नाही. दादा उंबऱ्यावर बसून पायाला तेल चोळत होता.

"तू मला बोलावलं का नाहीस?"

"काय सांगू बोलावून? तुझी भिंत फोड म्हणून?" दादा मान वर न करता म्हणाला. "फळ्या तू ठोकल्यास. उपटायचं तू बघ."

"तुला शहरात जायचंय का ते सांग एकदा."

आता दादानं वर बघितलं. "मी रोज जातो शहरात. तिथं मला 'ए ड्रायव्हर' म्हणतात. इथं दादा म्हणतात. आता मला मत कुठं द्यायचं असेल, ते तूच ओळख. तुला सगळं ओळखू येतं."

ओळंब्यानं त्याच दुपारी भिंतीत दार कापलं. आपल्या कामाच्या खोलीच्या कडेनं गल्लीपर्यंत वाट मोकळी केली, लाकडाचे ढीग पलीकडे सरकवले. चौकट नेहमीसारखीच चोख, बिजागऱ्या तेल घातलेल्या. दार तयार झालं आणि कडी बसवायची वेळ आली. त्यानं जरासुद्धा विचार केला नाही. कडी आपल्या बाजूला बसवली. त्याला दुसरं सुचणं शक्यच नव्हतं.

दादानं रस्त्याकडचं दार फळ्या मारून बंद केलं आणि त्याच्या घरची माणसं त्या वाटेनं ये-जा करायला लागली. दिवसभर ओळंबा डोळ्यांत तेल घालून बघायचा, सुना जाताना हत्यारांकडे बघतात का, पोरं फळ्यांना हात लावतात का. सगळे मुकाट्यानं कडेकडेनं जायचे, दवाखान्यात चालावं तसं. आणि रोज संध्याकाळी शेवटचं माणूस आत गेलं की तो उठून कडी लावायचा. लोखंडी, जाड कडी. तिचा आवाज दोन्ही घरांत घुमायचा.

तपासणीला एक बाई आल्या, हातात टॅब, पायात चिखलाचे बूट. गावाला वाटलं होतं, फिरवलेली दारं बघून आरडाओरडा करतील. त्यांनी नुसतं प्रत्येक दार उघडून बघितलं, लावून बघितलं, आतून बघितलं. स्वयंपाकघरात उभं राहून एका घरचा चहासुद्धा घेतला. घर गावात, घर गावात, असं करत त्या ओळंब्याच्या खोलीत आल्या. मागून अर्धं गाव दाराशी गोळा झालं.

"मागचं घर या दारानं ये-जा करतं?"

"हो," ओळंबा म्हणाला. "रोज."

बाईंनी दारावरून हात फिरवला. "काम सुरेख आहे. कुणी केलं?"

"मीच."

"कडी या बाजूला का?"

ओळंब्यानं कडीवरचा भुसा पुसला. "म्हणजे... सुरक्षेसाठी."

"कुणापासून?"

गल्लीत चुळबुळ झाली. पलीकडे, दाराच्या आत, दादा उभा होता.

"हे बघा," बाई म्हणाल्या, "माणसाच्या मुख्य दाराची कडी त्याच्या हातात असते. तुम्ही मनात आलं की हे दार बंद करू शकता, आणि मग या लोकांना रस्त्याकडचं दारच पुन्हा उघडावं लागेल. म्हणजे यांचं मुख्य दार रस्त्याकडचंच. इथून तुम्ही यांना फक्त जाऊ देता." त्यांनी टॅबवर बोट ठेवलं. "हे घर मला शहरातच धरावं लागेल."

मास्तरांनी डोळे मिटून घेतले. बाहेर कुणीतरी ओळंब्यावर दातओठ खाल्ले, आणि ते रास्तच होतं. गावानं घराघरांतल्या भिंती फोडल्या, स्वयंपाकघरं उघड्यावर आणली आणि सगळं पाणी एका कडीपाशी अडलं. ओळंब्याचा जिवावर आल्यासारखा चेहरा झाला. त्याच्या मनात काय काय येऊन गेलं. कडी दादाच्या बाजूला गेली की आपण उघडे. केव्हाही कुणीही आत येईल. फळ्या, हत्यारं, सगळंच.

"थांबा," तो म्हणाला.

त्यानं स्क्रू ड्रायव्हर घेतला. एक स्क्रू खाली पडून भुशात गेला, तो त्यानं गुडघ्यावर बसून शोधला. मग तो दार ओलांडून पलीकडे गेला. त्या घरात त्यानं कितीतरी वर्षांनी पाय ठेवला होता. आजूबाजूला न बघता त्यानं दादाच्या बाजूला कडी बसवली. दादा शेजारी उभा राहून त्याला एकेक स्क्रू हातात देत होता.

बाईंनी पलीकडे जाऊन कडी लावली, काढली. "आता बरोबर," त्या म्हणाल्या. "घर गावात."

गल्लीत एकच कल्ला झाला. मास्तरांनी चष्मा काढून पुसला. किराणावाला आणि चक्कीवाला एकमेकांच्या गळ्यात पडले आणि लगेच लाजून बाजूला झाले. कुणीतरी ओळंब्याला उचलायला गेलं, तर तो म्हणाला, "खिशाला हात लावू नका."

संध्याकाळ झाली. माणसं पांगली. दादाच्या घरची मंडळी एकेक करून आत गेली, सगळ्यात शेवटी वहिनी गेल्या, जाताना हसल्या. ओळंबा रंधा पुसत बसला होता, पण त्याचं सगळं लक्ष दाराकडे होतं.

पलीकडून कडी लागली. जोरात.

तो ताडकन उठला. "बघ!" तो बायकोला म्हणाला. "बघितलंस? मी गावासाठी घर उघडं टाकलं आणि पहिल्याच दिवशी माझ्या तोंडावर कडी! मला चोर समजतात का?"

बायको भांडी आवरायची थांबून नुसती त्याच्याकडे बघत राहिली. आणि मग त्याला कळलं. दार बसवल्यापासून रोज संध्याकाळी पलीकडे दादा, वहिनी, सुना, पोरं, सगळी माणसं जेवायला बसलेली असताना हाच आवाज ऐकत होती. त्याआधी इतकी वर्षं दीड इंची फळ्यांकडे बघत होती. त्याला लाज वाटली. इतकी लाज त्याला आयुष्यात वाटली नव्हती.

तो दाराशी गेला. ओळंबा कुणाच्या दारावर कधी थाप मारत नसे, आधी फटीतून बघायचा. आज त्यानं थाप मारली.

"कोण?" आतून दादाचा आवाज आला. अगदी दाराजवळून, तिथंच उभा असल्यासारखा.

"मी."

कडी जराशी खुळखुळली, निघाली नाही.

"झोंबलं का रे?"

"झोंबलं, दादा."

मग कडी निघाली.