घाणेरीवरची मुनिया

लग्नात मी एकच गोष्ट लपवली होती: चष्मा. मुलगी बघायला गेलो तेव्हाच आई म्हणून बसली, "आमच्या बाळूचे डोळे अगदी लख्ख हो!" तिचा शब्द राखायला मी कर्जतजवळच्या सासरवाडीला कायम चष्म्याविना, चाचपडत जात असे. (बायकोला माहीत होतं, पण नवऱ्याची अब्रू ती आपली अब्रू!)

त्र्याण्णव साली धोंड्याचा महिना आला. त्या महिन्यात जावई म्हणजे साक्षात विष्णू, त्याचा शब्द खोडायचा नाही! सकाळी सासरे बांधावरची घाणेरी तोडायला कुऱ्हाड घेऊन निघाले. मीही मागोमाग गेलो. झुडपात लालभडक काहीतरी दिसलं आणि माझ्यातला पक्षीतज्ज्ञ जागा झाला.

"थांबा मामा! लाल मुनिया!"

"कुठं?"

"ती काय, समोर! चिमणीहून लहान असते."

मामांनी एकदा झुडपाकडं पाहिलं, एकदा माझ्याकडं, आणि कुऱ्हाड खाली ठेवली. "व्हय व्हय. लई ग्वाड हाय."

झालं! मुनिया बुजू नये म्हणून शेळी लांब बांधली. सासूबाईंनी मुनियेसाठी झुडपाखाली कण्या टाकल्या. दुपारी पुरणाचे धोंडे हाणून पुन्हा बांधावर जातो तर मुनिया जागच्या जागी!

"अंड्यांवर बसली असणार," मी जाहीर केलं.

"आसंल, आसंल," सासूबाई पदराआड खोकल्या.

बायकोनं मला बाजूला ओढलं. "अहो, ते घाणेरीचं फूल आहे! मुनियेच्या अंगावर पांढरे ठिपके असतात, चोच असते. आणि मुख्य म्हणजे ती उडते!"

आता डोळ्यांचं बिंग फुटणार आणि आई खोटी पडणार!

"गंमत केली हो मामा! मला काय फूल कळत नाही?" असं मोठ्यानं म्हणत मी ऐटीत पुढं झालो आणि बायकोच्या वेणीसाठी त्यातलं सगळ्यांत लाल फूल खुडायला हात घातला.

फूल चिवचिवलं आणि भुर्रकन उडून गेलं! (कण्या टिपायला खरीखुरी मुनिया आली होती.)

मामा हसून हसून बांधावरच बसले. "जावईबापू, लावा आता तो चष्मा. आमाला समदं म्हाईत हाय."

"कधीपासून?"

"लग्नापासनं! आंतरपाट सरला आन् तुमी हार घिऊन करवलीकडं निघाला हुता. म्याच न्हाई का मनगाट धरून वळवलं?"

आणि मी दोन वर्षं मित्रांना सांगत होतो, भर मांडवात सासऱ्यांनी माझा हात किती प्रेमानं धरला होता म्हणून!