चाळणबाई आणि नाकाच्या उंचीवरची ताटली

गोळ्यांच्या कारखान्यात तिला सगळे चाळणबाई म्हणत. चघळायच्या गोळ्या पांढऱ्याशुभ्र दिसाव्यात म्हणून त्यांच्यावर एक भुकटी चढवतात. ती चाळायची आणि फिरत्या पिंपात सोडायची, हे काम तिनं बावीस वर्षं केलं. हात असा की गुठळी औषधालाही सापडायची नाही. संध्याकाळी घरी यायची ती भुवया पांढऱ्या करून. सून हसायची, "आई, सकाळी तरुण जाता नि संध्याकाळी म्हाताऱ्या होऊन येता!"

आता तिचे कामाचे दिवस भरत आले होते आणि तिच्या जागी सून लागणार होती. पोरीला नोकरी हवीच होती. पण रोज उठल्याउठल्या चाळणबाईला खोकल्याची जी उबळ यायची, ती काही तिला स्वस्थ बसू देईना. आपल्या छातीचं झालं ते झालं, पण सुनेचं काय?

मुकादमाला सांगितलं, तर तो चिमूटभर भुकटी जिभेवर टाकून दाखवायचा. "बघा! पोटात चालते, ती छातीत का चालणार नाही?"

"पाणीपण पोटात चालतं," ती म्हणाली. "जरा नाकानं पिऊन दाखवा."

पुढे प्रयोगशाळेतली एक बाई आली. हीच भुकटी श्वासातून गेली तर काय होतं, ते तिला बघायचं होतं. ती काचेच्या बशीत फुप्फुसाच्या पेशी वाढवायची. मुकादमानं मोठ्या थाटात नवं पोतं फोडून तिला डबीभर भुकटी दिली. महिन्यानं ती परत आली आणि म्हणाली, पेशींना विशेष काही झालं नाही. मुकादमाच्या अंगावर मूठभर मांस चढलं.

चाळणबाईनं विचारलं, "बाई, भुकटी पोत्यातलीच घेतलीत ना?"

"हो."

"मग घोडं तिथंच पेंड खातंय. मी काय पोत्यात नाक खुपसून बसते? जड असतं ते चाळणीखाली पडतं. हलकं असतं ते उडतं, आणि माझ्या वाट्याला तेच येतं."

बाईनं विचारलं, "ते उडणारं मला मिळेल?"

मुकादमानं लगेच दिव्यावरची धूळ झाडून आणली. चाळणबाईनं ती परत पाठवली. "यात कोळ्यांचा सगळा संसार आहे. उगाच त्यांचं पाप भुकटीच्या माथी नको." तिनं स्वच्छ पुसलेली ताटली आपल्या नाकाच्या उंचीवरच्या फळीवर ठेवली. रोज सुट्टी व्हायच्या आधी मऊ कुंचल्यानं ती बाटलीत झाडायची आणि झाकण घट्ट लावायची. पंधरा दिवसांनी बाटलीचा तळ कसाबसा झाकला गेला.

ती बाटली नेल्यावर महिन्याभरात निकाल दाखवायला बाईनं सासू-सुनांना प्रयोगशाळेत बोलावलं. सूक्ष्मदर्शकाखाली पेशी दिसत होत्या, आणि त्यांच्या आत, खालून येणाऱ्या उजेडात काळे दिसणारे भुकटीचे ठिपके.

"हे बारीक कण पेशींनी गिळलेत," बाई म्हणाली. "आणि संकट आलं की सोडतात तसा रस त्या सोडतायत. सूज सुरू होते ती अशी. बशीतलं जसंच्या तसं माणसाच्या छातीत होईलच असं नाही, ते अजून तपासायचंय. पण धूळ अडवायला एवढं कारण पुरे."

चाळणबाई भिंगाला डोळा लावून बराच वेळ बघत राहिली. "बिचाऱ्या," ती म्हणाली, "महिन्याभरात बोलल्या तरी. मला बावीस वर्षं लागली."

सुनेनं अहवाल मोठ्यानं वाचला. त्यात लिहिलं होतं: नमुना घेण्याची रीत कारखान्यातल्या जाणकार कामगार बाईंनी घालून दिली. ती ओळ सुनेनं दोनदा वाचली. चार यत्ता शिकलेली आपली सासू छापील कागदावर जाणकार झाली होती!

मुकादमानं तोंडावर बांधायला फडकी आणली. चाळणबाईनं ती घडी करून त्याच्याच हातात ठेवली. "याचा रुमाल करा. चाळणीवर झाकण आणि धूळ ओढणारी नळी बसल्याशिवाय माझी सून आत येणार नाही. आणि उद्यापासून मीपण चाळणार नाही."

दोन दिवस मुकादमानं स्वतः चाळलं. गोळ्या निघाल्या त्या देवी आल्यासारख्या. त्यात तो असा खोकत होता की पलीकडच्या खोलीतल्या बायका पाणी घेऊन धावल्या. तिसऱ्या दिवशी नळी बसवायला माणूस आला.

सुनेच्या पहिल्या दिवशी चाळणबाई तिच्याबरोबर गेली. पिंप सुरू झालं. खिडकीतून उन्हाची तिरीप आत आली. एरवी तिच्यात धूर भरल्यासारखे कण नाचायचे. चाळणबाई तिरिपीच्या अगदी जवळ जाऊन उभी राहिली आणि वरून खालपर्यंत बघितलं. एखाददुसरा कण तरंगत होता, बस्स.

"काय आई, ठीक?" सुनेनं विचारलं.

"हवा ठीक आहे," पिंपात वाकून चाळणबाई म्हणाली. "पण या गुठळ्या कुणाच्या सुनेनं टाकल्या? चाळणी जरा हलक्या हातानं धर बाई."