सशाच्या पेटीची कड

"चावला! अहो, मला चावला हा! उद्याच्या उद्या याला तुमच्या भाच्याच्या शेतावर सोडून या!"

बायकोचा आवाज कोथरूड ओलांडून कर्वेनगरात पोचला असणार. तिकडे एका बसने करकचून ब्रेक दाबल्याचं मी स्वतः ऐकलं. तिच्या बोटावर डाळिंबाच्या दाण्याएवढं रक्त होतं. सशाला उचलून त्याच्या शी-शूच्या पेटीत ठेवायला गेली होती, एवढंच.

ससा नऊ वर्षांचा, म्हणजे सशांच्या हिशेबात माझ्याहून वडील. आयुष्यभर पेटीचा नेम न चुकवलेला. पण महिनाभर तो पेटीला खेटून, बरोब्बर दोन इंच बाहेर, फरशी ओली करायचा. हाक मारली की पाठ फिरवायचा.

आमच्या घराण्यात पाठ फिरवण्याचा अर्थ एकच: अपमान झालाय. चहात साखर कमी पडली म्हणून माझे वडील अकरा वर्षं बोलले नव्हते. बरं, अकरा दिवस. तेव्हा दिवाळीत पाहुण्यांच्या पोरांना याची खोली दिली, त्याचाच हा सूड, असं मी ठरवलं. शिस्त लावायला पेटीला सहा इंच उंच सागवानी कड ठोकली. असं सुतारकाम शनिवारवाड्यालाही लाभलं नसेल. त्यानंतर तो पेटीकडे फिरकलाच नाही, आणि आता हे चावणं.

भाच्याच्या शेतावर चार कुत्री आहेत. तिथे हा दोन दिवसही टिकणार नाही, हे आम्हां दोघांनाही ठाऊक होतं.

"आधी डॉक्टरांना दाखवू," मी म्हणालो. बायको नाही म्हणाली नाही.

डॉक्टरीणबाईंनी त्याच्या कमरेवर हात ठेवला, तसा तो दात खात आक्रसला. एक्स-रे निघाला. मागच्या पायांचे सांधे झिजलेले. उडी मारताना दुखतं, उचललं की त्याहून जास्त.

बायकोने पट्टी बांधलेल्याच बोटाने त्याचं कपाळ खाजवलं. शेताचं नाव तिने पुन्हा काढलं नाही. मी मात्र त्या काळ्या फोटोकडे बघत राहिलो. म्हातारा रोज पेटीपर्यंत येत होता, आत जाता येत नाही म्हणून तिथेच थांबत होता. आणि मी त्याच्यापुढे भिंत उभारून वर तिला पॉलिश केलं होतं.

कडेची सगळी हकीकत डॉक्टरीणबाईंना सांगून टाकली. मग विचारलं, "आता तरी तो माझ्यावर रागावला असेल ना हो? त्याची समजूत कशी घालायची?"

"ससा आहे तो," औषध लिहिता लिहिता त्या म्हणाल्या. "कड कापून टाका."