भिंतीवरचा डोळा

घरात सगळ्यात धाकटी म्हणून ती बारकी, आणि पुढे कामही बारीकच मिळालं. डोळ्याच्या आतले थर दाखवणाऱ्या यंत्राला प्रकाश देणारी तिळाएवढी चिप तिच्या कारखान्यात बनायची. त्या चिपच्या तोंडाशी केसासारखा काचेचा तंतू नेमका आणून चिकटवायचा, हे तिचं काम. "बारकी शिंकली तर कारखाना बुडेल," असं सगळे हसत म्हणायचे.

नोकरी मावसभावाने लावली होती. तो तिथे इंजिनियर. तिचे वडील गेले तेव्हा तिला शाळेत घालणारा, रोज हात धरून पोचवणारा तोच. दादा म्हणेल ती पूर्व दिशा.

नवी चिप यंत्रात बसवली की कुणाच्या तरी डोळ्यावर तपासावी लागे. बारकी हौसेने यंत्रावर हनुवटी टेकवायची, दादा पडद्यावर चित्र बघायचा.

"कसा आहे रे डोळा?"

"ठणठणीत! तू म्हातारी होशील, डोळा नाही व्हायचा."

एकदा मात्र दादाने चित्र पुन्हा पुन्हा मोठं करून पाहिलं.

"काय झालं?"

"काही नाही गं. प्रकाश फार छान आलाय."

त्याच आठवड्यात मोठे खरेदीदार आले. दादाने सभेच्या खोलीत भिंतभर चित्र लावलं: डोळ्याच्या पडद्याचे थर, आणि मधोमध इवलीशी चीर. "एवढी बारीक चीर आमच्याच प्रकाशात दिसते," तो म्हणाला. ऑर्डर मिळाली. बारकीनेही टाळ्या वाजवल्या.

"कुणाचा रे हा डोळा?"

"असेल कुणा पेशंटचा."

मग कामाचा असा रगाडा सुरू झाला की मान वर करायला फुरसत नाही. एका सकाळी तोंड धुताना डाव्या डोळ्यात साबण गेला. उजव्याने आरशात पाहिलं, तर चेहरा होता, नाक नव्हतं.

"पडद्याला भोक पडलंय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "नुसती चीर होती तेव्हा यायला हवं होतंत."

चीर म्हणताच तिला खरेदीदारांपुढे लावलेलं चित्र आठवलं. डॉक्टरांनी दिलेलं चित्र घेऊन ती थेट सभेच्या खोलीत गेली आणि भिंतीवरच्या चित्राशेजारी धरून पाहिलं. तोच उतार, त्याच रक्तवाहिन्यांच्या सावल्या. फक्त चिरीचं भोक झालेलं. मागे दादा येऊन उभा होता.

"हा माझा डोळा आहे?"

"सांगणारच होतो, बारके. ऑर्डर एकदा हातावेगळी झाली की..."

"आणि तोवर?"

"तू रजेवर गेली असतीस. तुझ्यासारखा हात आहे का दुसऱ्या कुणाचा?"

हे तो कौतुकानेच म्हणाला. तिला तेच जास्त लागलं. लहानपणी ज्या हाताला धरून ती रस्ता ओलांडायची, तो तिने त्या दिवशी खांद्यावरून झटकला.

ऑपरेशन झालं. भोक बुजावं म्हणून नंतर दिवसचे दिवस पालथं पडून राहायचं होतं. मावशी उशाशी येऊन बसली. "त्याच्या मनात पाप नव्हतं गं."

"नसेल," बारकी उशीतूनच म्हणाली. "पण मीही नव्हते."

भोक बुजलं, पण सरळ रेघ मध्ये वाकडी दिसते ती दिसतेच. तंतू जुळवायचं काम सुटलं. आता ती डॉक्टरीणबाईंकडे पेशंटना यंत्रापुढे बसवते, आणि चित्र काढल्यावर डॉक्टरांना भेटल्याशिवाय एकालाही दाराबाहेर सोडत नाही.

मध्यंतरी दादा घरी आला. खुर्चीच्या कडेवर अवघडून बसला. तिने चहा टाकला, कप काढले, आणि ओट्याशी पाठमोरी उभी राहून विचारलं, "साखर किती घालू तुम्हाला?"

जन्मात कधी तिने त्याला अहो-जाहो केलं नव्हतं.